लाखेवरची तीन बोटं

नवं गाव, ता. लोहारा
११ मे २०२५

महानंदाताई,

चोरटीचं पत्र म्हणून फाडायच्या आधी एवढं वाच. मागायला लिहीत न्हाई. "कमलवैनीनं माझ्याकडं कधी काही मागितलं" असं तूसुद्धा म्हणणार न्हाईस.

फोन करून बघितला. नंबर आळंदच्या मावशीकडून घेतला. तू उचललास, कानडीत "यारु?" म्हणून कोण ते इचारलंस, आन् माझा आवाज ऐकून ठेवून दिलास. तुझा आवाज लई अव्वासारखा झालाय गं. क्षणभर मला वाटलं, सासूबाईच वरून बोलतायत. दचकलेच मी. म्हणून मग पत्र.

हिकडं ऊन मी म्हणतंय. अंगणवाडीला सुट्टी लागली. मी अजून मदतनीसच हाय. खिचडी शिजवायची, पोरांची नाकं पुसायची. गुडघे कुरकुरायला लागलेत. आपल्या ओढ्याकडच्या रानातली माती पार धुऊन गेली व्हती, म्हणून औंदा जुन्या गावातली पांढरी माती आणून टाकायचं ठरवलं. सगळेच नेतात. भूकंपानं पाडलेल्या घरांची माती, सपाट करून ठेवलेली, इतकी वर्सं नुसती पडून हाय. रानात टाकली की ज्वारी चांगली येती. आधी आधी लोक हात लावायला भ्यायचे, म्हणायचे माणसं गेलीत त्या मातीत. आता कुणी भीत न्हाई. नवीन पोरांना ते नुसतं गावठाण.

आपल्या जागेवर वेड्या बाभळी माजल्या व्हत्या. जेसीबीवाल्यानं त्या उपटल्या, माती ट्रॉलीत भरली आन् रानात ढीग लावून गेला. आता सकाळच्या पारी मी खोरं घेऊन जाते, ढीग पसरते, दगडं येचते. आपलंच घर आपण खोऱ्यानं ओढायचं. ह्या भिंती मी दर दिवाळीला सारवल्यात, तूबी सारवल्यास.

काय काय निघतं म्हणशील. वरवंटा निघाला. अव्वाच्या जात्याचं खालचं पाळं. दिवळीचा दगड, काजळी लागलेला. बाकी काय निघणार?

एक इचारायचं व्हतं. तुझ्या अप्पांचं मधलं बोट वाकडं व्हतं ना? जू निसटून त्यावर पडलं व्हतं ते. उजव्या हाताचं की डाव्या? आन् बियाणाच्या गाडग्याचं तोंड लिंपून झालं की वर ते तीन बोटं ओढायचे, कपाळाला इबूत लावावी तशी. मधली रेघ सरळ जायची न्हाई, खाली वाकायची. हे तुला आठवतं का? उगंच इचारते. इचारायला दुसरं कुणी उरलं न्हाई.

तुझ्या लेकीला, शिवरंजनीला आशीर्वाद. तिला म्या बघितलंच न्हाई अजून.

तुझी वैनी,
कमल


३ जून २०२५

महानंदा,

उत्तर आलं न्हाई. येणार न्हाई हे ठाऊक व्हतं, तरी पोस्टमनला दिसंल तिथं गाठून इचारलं. तो म्हणाला, "काकू, आता पत्रं बँकेची आन् कोर्टाची. माणसांची कुठं येत्यात?"

मागच्या पत्रात म्या खोटं लिहिलं. ढिगातून अजून एक निघालं.

खोऱ्याला टणकन् लागलं. दगड म्हणून वाकले तर पितळी तांब्या. पोचलेला, हिरवा पडलेला. तोंड लाखेनं बंद केलेलं. एका अंगाला जेसीबीचा दात लागून चीर पडलीय. उन्हाला धरून आत बघितलं. बोरमाळेचे मणी दिसले, महानंदा. अव्वाची बोरमाळ. खाली पाटलीची कड. ढिगावर तशीच बसून राहिले, डोक्यावर ऊन आलेलं कळलं न्हाई.

तोंड म्या उघडलेलं न्हाई. लाखेवर तीन बोटं ओढलेली हायेत. मधली रेघ खाली वाकलीय.

ही गोष्ट तुझ्या बाजूनं तू साऱ्या पाहुण्यांत सांगितलीस. लग्नात सांगितलीस, बारशात सांगितलीस, मौतीला गेलीस तिथंबी सांगितलीस. आता माझ्या बाजूनं एकदा ऐक.

अव्वा सोलापूरला गड्ड्याच्या जत्रेला गेली, जाताना दागिन्यांच्या पेटीची किल्ली माझ्याकडं देऊन गेली. तू आळंदला मावशीकडं व्हतीस. त्याच टायमाला शेजारच्या गावात दरोडा पडला. अप्पा धड जेवले न्हाईत त्या दिवशी. मला म्हणाले, "कमल, किल्ली दे." दिली. सासऱ्यानं किल्ली मागितल्यावर सून काय पावती मागती? दुसऱ्या दिवशी माघारी दिली त्यांनी. आन् अव्वा यायच्या आत अप्पा गोठ्यात पडले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. तुझं लग्न तोंडावर आलेलं. अव्वानं सोनं बघायला पेटी उघडली, तर पेटी रिकामी.

म्या सांगितलं, किल्ली अप्पांनी घेतली व्हती. अव्वा म्हणाली, "मुक्या माणसावर ढकलतीस व्हय गं?" अप्पांना इचारलं तर त्यांची मान व्हय म्हणतानाबी तशीच हलायची आन् न्हाई म्हणतानाबी तशीच. मग अव्वानं माझ्या तळहातावर माझ्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवून शपथ घ्यायला लावली. घेतली म्या. तर म्हणाली, "लिंग हातात धरून खोटं बोलणारी बाई आज बघितली." तुझा भाऊ दारात उभा व्हता. माझा नवरा. त्याच्या तोंडाकडं मी बघत राहिले, आता काही बोलंल, आता बोलंल. तो पायानं उंबऱ्याची माती उकरत राहिला. मेलेल्या माणसाबद्दल वंगाळ बोलू नये, पर वीरभद्राला त्यासाठी मी अजून माफ केलेलं न्हाई.

मला मुरूमला माहेरी घालवली. बसूला अव्वानं ठेवून घेतलं. "चोरटीच्या मांडीवर माझा नातू वाढायचा न्हाई." तीन वर्साचा व्हता तो. मला जाताना बघून त्याला वाटलं बाजाराला चालले, म्हणाला, "आये, शेव आण."

गणपती झाले आन् भूकंप आला. पुढचं तू जाणतीस. तुला ढिगाऱ्यातून काढली, पाय कायमचा अधू झाला. बाकी कुणी निघालं न्हाई. आपल्या लिंगायतांत पुरतात, बसवून, लिंग हातात देऊन. त्या दिवशी कोण कुणाचा आन् कुठला धर्म. एका सरणावर घातले किती तरी. मी मुरूमहून चिखल तुडवत येईपर्यंत धूर निघत व्हता. बसूचं तोंड मला बघायला मिळालं न्हाई. तू तिथं दवाखान्याच्या गाडीत व्हतीस, मला बघून किंचाळलीस, "हिला हिकडं येऊ देऊ नका, हिच्या पापानं झालं हे सगळं." ते तुला आठवत नसंल. मला आठवतं.

आता मन घट्ट करून वाच. लाखेत ज्वारीचे दाणे रुतलेत, काळे पडलेले. म्हणजे हा तांब्या बळदात व्हता. त्या मागच्या भिंतीतल्या कोठारात, जे अप्पा बाहत्तरच्या दुष्काळापासून भरून ठेवायचे आन् कुणाला हात लावू द्यायचे न्हाईत. सुगीला जुनी ज्वारी काढून नवी भरायची, ती फक्त त्यांनी. वरच्या तोंडातून सोनं ज्वारीत खुपसून दिलं त्यांनी. त्या साली सुगीला तेच अंथरुणावर. बळद तसंच राहिलं.

आठवतं का, पडल्या पडल्या डावा हात उचलून बळदाकडं दाखवायचे? सारखे. डोळ्यांतून पाणी. आपण म्हणायचो, भूक लागली. मी भाकरी दुधात कुस्करून भरवायची. घास बाहेर ढकलायचे आन् पुन्हा हात वर. तूबी भरवलीस, मी गेल्यावर तर तूच भरवत असशील. ते बिचारं सांगत व्हतं आन् आपण त्येला भाकरी चारून चारून गप केलं.

आता मी काय करू, तू सांग. गप बसले तर सोनं माझंच, कुणाला खबर न्हाई. बोलले तर गाव काय म्हणंल? "बघा, व्हतं की तिच्याकडंच." ज्या सोन्यापायी मी चोर ठरले, ते माझ्याच रानात, माझ्याच खोऱ्याला लागावं. देवानंबी काय थट्टा करावी माणसाची! पोलिसाला दाखवलं तरी चोर, सोनाराला दाखवलं तरी चोर.

ती तीन बोटं ओळखणारी ह्या जगात तू एकटी उरलीस. म्हणून म्या तोंड फोडलं न्हाई. तू ये. तुझ्या हातानं फोड.

कमल


२७ जून २०२५

महानंदा,

घात झाला.

तुझी वाट बघितली. तांब्या पिठाच्या डब्यात, पिठाखाली ठेवला व्हता. ह्या घराला म्या कधी कुलूप लावलं न्हाई, न्यायला हायेच काय. आता कुलूप लावून दोन पावलं गेले की माघारी येऊन ओढून बघायची. शेजारची कस्तुराबाई हसत म्हणाली, "कमलबाई, सोनंबिनं ठेवलंय की काय घरात?" हसले आपली. चोर कसा हसत असंल ते मला त्या दिवशी कळलं.

कुणाला तरी सांगितल्याबगर जीव राहीना. शिवानंद पेरणीला आला व्हता, माझा धाकटा भाऊ. तुला तो डोळ्यासमोर नको, ठाऊक हाय मला. भूकंपानंतर तुझ्या लग्नात मांडवाच्या दारात येऊन त्यानं आरडाओरडा केला, "माझ्या बहिणीवर आळ घेणाऱ्याचं तोंड बघायला आलोय" म्हणाला. चुकलंच त्याचं, लग्नाच्या दिवशी असं करू नये. पर ह्या दुनियेत माझ्या बाजूनं भांडलेला तो एकटा. त्यापायी त्याची स्वतःची सोयरीक मोडली. म्हटलं, ह्याला सांगितलं तर काही बिघडत न्हाई.

तांब्या समोर ठेवला. म्हटलं, आधी ही लाख बघ, ही बोटं बघ. तो कुठला बघतोय! चिरीतून मणी चमकले आन् त्याच्या हाताला थारा राहिला न्हाई. अरे थांब, थांब म्हणेस्तोवर ट्रॅक्टरचा पेचकस घातला आन् लाख फोडली. तुकडे उडाले चुलीपर्यंत. टॉवेलवर सगळं ओतलं. बोरमाळ, पाटल्या, टीक, गोठ, तुझे झुबे. आत अप्पांच्या रुमालाची चिंधी व्हती, हात लावला तर भुगा झाला.

मी गुडघे टेकून लाख येचत व्हते. चहा केला, तो प्याला. मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "अक्का, एक इचारू? राग मानू नको."

"इचार की."

"इतकी वर्सं कुठं ठेवलं व्हतंस?"

मी हसले आधी. वाटलं चेष्टा करतोय. तर त्याचे डोळे भरलेले. म्हणाला, "माझ्यापाशी तरी बोलायचं व्हतंस. म्या काय कुणाला सांगितलं असतं? तू चोरलं असतंस तरी म्या तुझ्याच बाजूनं भांडलो असतो."

महानंदा, तू मला चोरटी म्हणालीस तवा म्या रडले न्हाई. त्या दिवशी रडले. तो माझ्या पाठीवरून हात फिरवत व्हता, म्हणत व्हता, "असू दे, असू दे, झालं गेलं." जितकं मी न्हाई न्हाई म्हणाले, तितका तो जास्त मायेनं बोलायला लागला. गावात तोंड उघडू नको म्हणाला. तहसीलदार येईल, पंचनामा करंल, सरकारजमा व्हईल सगळं. सोलापूरला वळखीचा सोनार हाय, वितळवून घेऊ, तुझे गुडघे करून घेऊ, म्हातारपण सुखात जाईल तुझं. जीव हाय त्याचा माझ्यावर. त्या जिवाचंच तर दुखतंय.

खोटं कशाला बोलू, तो गेल्यावर मनात आलं. वितळवावं. एवढं सोसलंय, त्याची मजुरी समजावी. बोरमाळ गळ्यात घालून आरशापुढं उभी राहिले. नवीन नवरी असताना अव्वानं एकदाच घालायला दिली व्हती, नागपंचमीला. आरशात बघितलं तर माझ्या गळ्यात ती खरंच चोरीची दिसत व्हती. काढून ठेवली.

लाखेचे तुकडे कापसात घालून ठेवलेत. जुळवले की बोटं दिसतात अजून, पर मधी मधी फटी पडल्यात. आधी एखाद्या पोरानंबी वळखलं असतं. आता वळखायची इच्छा असणाऱ्यालाच वळखू येईल.

कमल


१९ ऑगस्ट २०२५

महानंदा,

तुझ्या दारात येऊन गेले, ते शिवरंजनीनं सांगितलंच असंल.

उमरग्याहून गाडी धरली. पिशवीत खाली सोनं आन् लाख घातलेला डबा, वर शेंगाची चटणी आन् ज्वारीच्या भाकरी, कुणी इचारलं तर दाखवायला. शेजारी बसलेला माणूस पिशवीकडं बघितला की मी भाकरीचा वास येतोय का म्हणून इचारायची. येडीच झाले व्हते.

दार तुझ्या लेकीनं उघडलं. अगदी तुझ्या त्या वयाची. म्हटलं, मी कमल, तुझी मामी. तिच्या तोंडावरून लगेच कळलं की माझी कीर्ती पोचलीय. आत गेली, बाहेर आली, म्हणाली, "आई पूजेत आहे." म्हटलं, बसते. पायरीवर बसले. आत तुझं चालणं ऐकू येत व्हतं. एक पाय टाकायचा, एक ओढायचा. दारापर्यंत आलीस, थांबलीस, माघारी गेलीस. पुन्हा आलीस. पूजेत असं फिरत न्हाईत गं कुणी.

मी दाराकडं तोंड करून बोलले. अप्पांनी बळदात ठेवलं व्हतं, म्हणाले. डब्यात खाली कापसात लाख हाय, ती आधी बघ, म्हणाले. तू बाहेर आली न्हाईस. मग डबा शिवरंजनीच्या हातात दिला. तिनं वजन बघून माझ्याकडं बघितलं. पाणी इचारलं पोरीनं, ते प्याले आन् निघाले. ते सोनं तुझ्याच लग्नाचं व्हतं. त्याच्यापायी तुझं ठरलेलं मोडलं आन् दोन पोरांच्या बापाशी तुला लावून दिलं. म्या चोरलं न्हाई हे खरं, पर तुझं गेलं हेबी खरंच हाय.

येताना गाडीत वाटलं, आता हलकं वाटंल. न्हाई वाटलं. पिशवी हलकी झाली तेवढी. मग डोक्यात आलं, मी हे लपूनछपून केलं. भाकरीखाली झाकून नेलं, दाराआडून बोलले. असं तर चोरच करतात. ज्यानं काही केलेलं न्हाई त्यानं चार माणसांत उभं राहून बोलावं. तीस सप्टेंबरला, भूकंपाच्या दिवशी, स्मृतिस्तंभापाशी सगळं गाव जमतं, गेलेल्यांची नावं वाचतात. तिथं बोलणार हाय मी. शिवानंदाला सांगितलं तर त्यानं फोनवर हात जोडले म्हणे. "अक्का, तुझ्या पाया पडतो, गप ऱ्हा." 

तू ते तुकडे जुळवलेस का? एवढंच कळव.

कमल


४ ऑक्टोबर २०२५

महानंदा,

तुझं पत्र काल आलं. पोस्टमननं हाक मारून दिलं, म्हणाला, "काकू, आलं बघा तुमचं माणसाचं पत्र." उंबऱ्यात बसूनच वाचलं.

आधी गावातलं सांगते. बोलले मी. नावं वाचून झाली, बसूचंबी नाव वाचलं, बसवराज वीरभद्र, वय तीन. फुलं वाहून झाली आन् म्या माईक मागितला. सगळं सांगितलं. दरोडा, किल्ली, बळद, अप्पांचा हात, लाख. सोनं ज्याचं त्याला पोचवलं, म्हणाले. आन् म्हणाले, म्या चोरी केली नव्हती, हे सांगायला उभी हाय.

मग सरपंच उठला, रणधीर. त्या साली जन्मलासुद्धा नव्हता तो. डोळे पुसत म्हणाला, "कमलकाकूंनी आज मन मोकळं केलं. माणसाच्या हातून चूक होते. पण एवढ्या वर्षांनी परत करायला मोठं काळीज लागतं." आन् टाळ्या वाजल्या. स्तंभापाशी कुणी टाळ्या वाजवत न्हाईत गं, तिथं मेलेल्यांची नावं हायेत. माझ्यासाठी वाजवल्या. मी माईकमधी न्हाई न्हाई म्हणत व्हते, तर त्यांना वाटलं लाजते.

तवापास्नं सगळं बदललं. नळाला माझी घागर मागं सरकवायची ती कस्तुराबाई चहा घेऊन आली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "बरं केलंस बाई, वझं उतरलं." दसऱ्याला जेवायचं बोलावणं आलं. अंगणवाडीतल्या बाईनं खुर्ची दिली. तीस-बत्तीस वर्सं मी चोरी केली न्हाई म्हणत व्हते, तवा कुणी पाणी इचारलं न्हाई. आता चोरी कबूल केली असं समजून सगळे जीव लावायलेत. काय करावं माणसानं? तो चहा म्या प्याले, महानंदा. गोड लागला. ते तुला सांगायलाच पाहिजे.

आन् वर तुझं पत्र. "वैनी, सोनं पोचलं. तुम्ही शेवटी परत केलंत. माझ्या मनात आता काही राहिलं नाही. पायाचं, लग्नाचं, सगळ्याचं माफ केलं. मार्गशीर्षात शिवरंजनीचं लग्न ठरतंय. मामीचा मान तुमचा. नक्की या."

वैनी म्हणालीस. किती वर्सांनी गं. ते एक अक्षर मी किती येळा वाचलं. लग्न होऊन आले तवा तू परकर घालून माझ्या मागं मागं हिंडायचीस, माझ्या वेणीला लोंबायचीस. तंगी म्हणायचे मी तुला. माझी धाकटी बहीणच व्हतीस. ते सगळं आठवलं. ट्रंकेतलं हिरवं इरकल लुगडं काढलं, झटकलं, अंगाला लावून बघितलं. मामी म्हणून पुढं बसायचं, पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या. मला आता कोण हाय? गप बसून माफी घ्यावी, एवढंच करायचं व्हतं. व्हय म्हणायचीसुद्धा गरज न्हाई. नुसतं न्हाई म्हणायचं सोडून द्यायचं.

इरकल परत घडी घालून ठेवलं.

का, ते सांगते. त्या दिवशी तळहातावर लिंग ठेवून म्या खरं बोलले व्हते. तुझी माफी पदरात घेतली की ती शपथ खोटी झाली. तरी चाललं असतं, माझं काय, आज न्हाई तर उद्या जाईन. पर बसूला माझ्यापासून तोडलं ते चोरटीचं पोर म्हणून. त्या घरात आईबगर निजला ते चोरटीचं पोर म्हणून. मी मुरूमला व्हते, तिथं तोबी माझ्या कुशीत असता, तर आज तुझ्या शिवरंजनीच्या लग्नात तो मांडव घालत असता. आता तुझ्या लेकीच्या लग्नात पहिल्या रांगेत बसण्यापायी मी चोर व्हते म्हणून मान हलवली, तर अव्वानं त्याला ठेवून घेतलं ते बरोबरच केलं म्हणायचं की. ते मी म्हणणार न्हाई. मेले तरी न्हाई.

सोनं ठेव. ते तुझंच हाय. बोरमाळ शिवरंजनीच्या गळ्यात घाल, तिला शोभंल. माफी मात्र माघारी घे. माझ्याकडं ठेवायला जागा न्हाई तिला.

तुझ्या पत्रात लाखेबद्दल एक शब्द न्हाई. कापूस उघडलासुद्धा नसशील, न्हाईतर कचरा म्हणून टाकला असशील. टाकला नसशील तर उजेडात बसून एकदा जुळव. फटी हायेत, पर मधलं बोट खाली वाकलेलं दिसतं. बापाचं बोट लेकीला वळखू यावं. वळखलंस तर पत्र लिहू नको. फोन कर, मी उचलल्यावर काही बोलली न्हाईस तरी चालंल, मला कळंल.

आन् न्हाई वळखलंस, तर मला पहिल्यासारखी चोरटीच म्हण. त्याची सवय हाय मला. लग्नाला मी येणार न्हाई.

कमल,
बसूची आई